जिभेवरचा पत्ता

केतकी सुतारला वर्षातल्या सर्वोत्तम पत्त्याचं बक्षीस जाहीर झालं, त्याच आठवड्यात मिरजेत तिच्या वडिलांची वाचा गेली.

सकाळी आप्पा आरशासमोर दाढी करत होते. हातातून वस्तरा गळून पडला आणि उजवा हात खांद्यापासून लोंबायला लागला. आईनं ‘अहो, काय झालं?’ म्हणून विचारलं, तर तोंड नुसतं उघडलं आणि मिटलं. शेजारच्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पुण्याहून केतकी दुपारपर्यंत पोचली, तेव्हा डॉक्टर पडद्यावर मेंदूचं चित्र दाखवत होते. डाव्या बाजूला एक काळसर डाग होता.

“जीव वाचलाय,” डॉक्टर म्हणाले. “बोलण्याचं केंद्र मात्र गेलं. त्यांना सगळं ऐकू येतं, सगळं समजतं. शब्द बाहेर येणार नाहीत, इतकंच.”

ते ‘इतकंच’ ऐकून आई भिंतीला टेकून खाली बसली.

तिसऱ्या दिवशी शब्द आले. केतकी खाटेशेजारी बसून त्यांचा डावा हात चोळत होती. “आप्पा, मी केतकी. ओळखलंत ना?” आप्पांनी मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं. काहीतरी सांगायचं होतं त्यांना, गळ्याच्या शिरा फुगल्या, ओठ वेडेवाकडे झाले, आणि एकाएकी अगदी खणखणीत, सुरात, हेल काढून ते म्हणाले,

“सुटलो बाबा डॉट भारत!”

आई ताडकन उठली. “बोलले! केतू, बोलले गं!”

आप्पांना दुसरंच काही म्हणायचं होतं, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. स्वतःच्या तोंडातून काय बाहेर पडलं ते ऐकून ते दचकले होते. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच, त्याच सुरात. आणि हा पत्ता केतकीनं निवडलेला होता.

आप्पा म्हणजे मिरजेचे धोंडीराम पेंटर. चाळीस वर्षं त्यांनी दुकानांचे बोर्ड आणि गावाबाहेरच्या भिंती रंगवल्या. चुन्यात भिजवलेली दोरी ताणून भिंतीवर टणकन मारायची आणि त्या सरळ रेघेवर अक्षरं बसवायची, हे केतकीनं लहानपणापासून पाहिलेलं. इंटरनेट आलं तसे दुकानदार भिंतीवर पत्ते रंगवून मागू लागले. आप्पा वैतागायचे. “तीन डब्ल्यू मारण्यातच अर्धी भिंत संपते. दुकानाचं नाव काय कौलावर लिहू?” एका उसाच्या गुऱ्हाळवाल्याचं दुकान होतं ‘रामाचा रस’. त्याच्या पोरानं इंग्रजी अक्षरांत सगळं सलग जोडून पत्ता घेतला, आणि भिंत रंगून झाली तेव्हा लोक तो ‘रामा चरस’ असा वाचू लागले. चौकीवरून हवालदार आला. तेव्हा आप्पांनी एक युक्ती काढली: प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर तांबडं आणि बाकीची निळी. चरस गेला, रस परत आला. दहा वर्षांच्या केतकीला त्या दिवशी कळलं की पत्ता निवडणं ही कला आहे आणि तो दाखवणं ही दुसरी कला आहे.

ती त्याच कलेत मोठी झाली. भाषाशास्त्र शिकली आणि पुण्यात ‘ठसा मीडिया’ या कंपनीत पत्ते निवडण्याच्या कामाला लागली.

तोपर्यंत दिवस पालटले होते. लोकांनी काही शोधायचं सोडूनच दिलं होतं. प्रत्येकाच्या कानात किंवा चष्म्याच्या दांडीत एक ‘सोबती’ असायचा. त्याला म्हणायचं, चांगलं तेल मागव, आणि तो मागवायचा. कुणाचं मागवायचं, हे सोबत्याला जास्त पैसे चारणारा ठरवायचा. फार बोंबाबोंब झाल्यावर सरकारनं कायदा केला: गिऱ्हाइकानं एखाद्या दुकानाचा पूर्ण पत्ता स्वतःच्या तोंडानं उच्चारला, तर सोबत्यानं त्याला फाटे न फोडता तिथंच न्यायचं. कायदा गिऱ्हाइकाच्या भल्याचा होता. पण त्यातून व्यापाऱ्यांना एक गोष्ट कळली. आता माणसाच्या जिभेवर जागा मिळवायला हवी.

ती जागा मिळवून देणारं यंत्र ठसा मीडियाकडे होतं. मेंदूच्या आत, कानाच्या पातळीवर, एक छोटा भाग असतो. दिवसभर पाहिलेलं-ऐकलेलं यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे तो ठरवतो. आपलं रोजचं बहुतेक सगळं तो टाकून देतो. पण आग लागली, अपघात झाला, की त्या भागातल्या पेशी सेकंदाला पाच-सहा वेळा, एका ठेक्यात धडधडू लागतात, आणि त्या ठेक्यावर आलेली गोष्ट जन्मभरासाठी ठसते. ठसा मीडियाच्या शास्त्रज्ञांनी तोच ठेका प्रकाशात बसवला. त्यांच्या फलकावरची अक्षरं डोळ्याला स्थिर दिसत, पण त्यांचा उजेड त्या लयीत किंचित कमी-जास्त होत असे. समोर लाल सिग्नलला थांबलेल्या माणसाचा मेंदू सहा सेकंदांत त्या ठेक्यात येई. मग प्रत्येक ठोक्याला पत्त्याचा एकेक तुकडा उजळे आणि सोबत चार सुरांची चाल वाजे. एकदा पाहिलं की झालं. आग न लागताच आगीची आठवण.

यात केतकीनं स्वतःची भर घातली होती. नवा शब्द ठसवण्यापेक्षा लोकांच्या तोंडात आधीच रुळलेला शब्द घ्यावा, म्हणजे ठसा दुप्पट खोल जातो, हा तिचा शोध. ‘आरोग्यवेल’ कंपनीचं पोट साफ करण्याचं चूर्ण आलं, तेव्हा सगळे ‘पोटसुख’ आणि ‘मोकळीक’ असली नावं सुचवत बसले होते. केतकी म्हणाली, “सुटलोबाबा.” बैठकीतले लोक टेबलावर थापा मारून हसले. शौचालयातून बाहेर येणाऱ्या माणसाचं तोंड त्यांना दिसलं. हा शब्द तिला कुठून सुचला ते तिनं सांगितलं नाही. आप्पा दिवसभराचं काम संपवून परांचीवरून खाली उतरले, की कमरेवर हात ठेवून म्हणायचे, “सुटलो बाबा!”

दवाखान्यात वाणीतज्ज्ञ होत्या शबनम मुजावर. पन्नाशीच्या, जाड काचांचा चष्मा, आवाज मऊ. त्यांनी आप्पांना तपासलं आणि केतकीला बाहेर व्हरांड्यात नेलं.

“हे त्यांचं नेहमीचं बोलणं होतं का?”

“‘सुटलो बाबा’ ते म्हणायचे,” केतकी म्हणाली. “कामावरून आल्यावर.”

“‘डॉट भारत’ म्हणायचे?”

केतकीनं नकारार्थी मान हलवली.

“या माझ्याबरोबर,” शबनमताई म्हणाल्या.

वॉर्डात आप्पांसह नऊ जण होते. सगळ्यांच्या मेंदूत डाव्या बाजूला तोच काळा डाग. एक निवृत्त पोस्टमास्तर, एक फुलवाली, एक बँकेतली बाई, एक हमाल. शबनमताईंनी फुलवालीला विचारलं, “मावशी, भूक लागली का?” तिनं तोंड उघडलं. “सुटलो बाबा डॉट भारत.” पोस्टमास्तरांना विचारलं, “आज कोण येणार भेटायला?” त्यांनी डोळे मिटून, सगळं बळ एकवटून, तोच पत्ता म्हटला आणि मग लाजेनं उशीत तोंड खुपसलं. नऊपैकी सात जण तेच. एकानं सुरू केलं की दुसऱ्याच्या तोंडून आपोआप निघे, आणि मग सगळा वॉर्ड त्या चार सुरांत, एका पट्टीत, चूर्णाचा पत्ता आळवू लागे. त्यातली एक बाई तो म्हणताना रडत होती. फिनेल आणि उकडलेल्या भाजीच्या वासात तो सूर मिसळला, आणि केतकीला तोंडावर हात दाबून खिडकीशी जावं लागलं.

“बोलण्याचं केंद्र गेलं तरी काही गोष्टी शिल्लक राहतात,” शबनमताई मागून सांगत होत्या. “पाठ झालेल्या, जिभेला वळण पडलेल्या. त्या मेंदूत दुसरीकडं राहतात. पूर्वी माझे पेशंट शिव्या द्यायचे, देवाचं नाव घ्यायचे, एक दोन तीन म्हणायचे. त्या शिव्यासुद्धा त्यांच्या स्वतःच्या होत्या हो. तेवढ्या एका पायरीला धरून मी माणसाला वर आणायचे. ‘हे राम’ म्हणणाऱ्याला ‘राम’, मग ‘आराम’, मग ‘आराम पाहिजे’. आता त्या पायरीवर कुणीतरी दुकान मांडलंय. काहीही म्हणायला गेले की घसरून तिथंच येतात. अशी ही कोण कंपनी आहे, मला खरंच एकदा बघायचीय.”

“मी त्याच कंपनीत आहे,” केतकी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. “हा पत्ता मीच निवडला.”

शबनमताईंनी तिच्याकडं एकदा पाहिलं, चपलेखाली काही चिकटलं तर माणूस पाहतो तसं, आणि त्या फुलवालीच्या खाटेकडं निघून गेल्या.

पंधरा दिवसांनी आप्पांना घरी आणलं. घरी दुसरंच सुरू झालं. आप्पांनी पाणी मागायला तोंड उघडलं, की घरातला सोबती पत्ता ऐकायचा आणि कायद्याप्रमाणे थेट दुकानात जाऊन डबा मागवायचा. पहिला डबा फुकट होता. आईनं सोबती बंद केला, तर भेटायला येणाऱ्यांचे चालू असायचे. येणारा जाणारा प्रत्येक जण आप्पांच्या तोंडून एक डबा मागवून जात होता. दारात रोज माणूस उभा. हिरव्या डब्यांवर पोटावर हात फिरवणारा एक गुबगुबीत इसम हसत होता, आणि झाकणातून सोनामुखीचा उग्र वास घरभर पसरायचा. आई ते डबे खाटेखाली ढकलायची.

एका दुपारी ती भाकरी चुरून आप्पांना भरवत होती. आप्पांना मीठ हवं होतं. त्यांनी डाव्या हातानं ताटाकडं खूण केली, तोंड उघडलं, पत्ता बाहेर पडला. त्यांनी हातानं स्वतःच्या तोंडावर चापट मारली. पुन्हा मारली. आईनं त्यांचा हात धरला आणि केतकीकडं न बघता विचारलं,

“शेजारची सुषमा सांगत होती, टीव्हीवर तुझं नाव आलं म्हणून. हे तू केलंस व्हय गं?”

“हो.”

“त्यांचाच शब्द घेऊन?”

“हो, आई.”

आईनं भाकरीचा घास कालवला. “लुगडं चोरलं असतंस, भांडं चोरलं असतंस, तर मी म्हटलं असतं, पोर हाय, गरज असंल. माणसाच्या तोंडातलं चोरलंस आणि त्यात जुलाबाचं औषध घातलंस.” तिनं आप्पांना घास दिला. “जा आता. तू समोर असलीस की ते जास्त बोलायला बघतात.”

केतकी पुण्याला गेली आणि तडक पराग भडकमकरांच्या खोलीत शिरली. पराग सर कंपनीचे प्रमुख. त्यांच्या खोलीत मोगऱ्याचा कृत्रिम वास असायचा आणि ते कधी आवाज चढवत नसत. तिनं सगळं सांगितलं. वॉर्ड, फुलवाली, आप्पा. ते मध्ये न बोलता ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळत गेला.

“म्हणजे मेंदूचा तो भाग मेल्यावरसुद्धा?” ते म्हणाले.

“हो.”

“नऊपैकी सात?”

“सर, मी काय सांगतेय ते कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय गं. वाईट झालं. आप्पांना लागेल ती मदत कंपनी करेल.” त्यांनी बोटांची टोकं जुळवली. “पण तू भाषेची माणूस आहेस, तूच विचार कर. ‘सगळं विसरले, हा पत्ता नाही.’ यापुढे काही म्हणायची गरज आहे का? आप्पांची एक छोटी चित्रफीत, अगदी सन्मानानं केलेली. तुझी आणि आईंची संमती लागेल, तो कागद मी बनवून घेतो.”

त्यांना लाज वाटत नव्हती, आणि वाटत असल्याचं ढोंगही ते करत नव्हते. केतकीच्या लक्षात आलं की ती सहा वर्षं रोज या माणसाबरोबर जेवली आहे, त्याच्या डब्यातली कोशिंबीर खाल्ली आहे. ती खोलीबाहेर गेली, बेसिनमध्ये ओकली, चूळ भरली आणि परत येऊन म्हणाली, “बक्षीस समारंभाला मी येते. मला पाच मिनिटं बोलायला द्या.”

“दहा घे,” पराग सर म्हणाले.

तिनं शबनमताईंना फोन करून पेशंटांचा आवाज ध्वनिमुद्रित करून मागितला. त्या म्हणाल्या, “बाकी सहाही जणांच्या घरच्यांना विचारते. नावं यायला नकोत.” चार दिवसांनी त्यांनी वॉर्डातला आवाज पाठवला. दोन मिनिटांचा.

समारंभ एका मोठ्या हॉटेलच्या सभागृहात होता. जाहिरातवाले, व्यापारी, सोबती बनवणाऱ्या कंपन्यांचे लोक, सहाशेच्या वर माणूस. केतकीनं बक्षिसाची पितळी जीभ हातात घेतली (चिन्हच तसं होतं) आणि ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिली.

“हा पत्ता मी माझ्या वडिलांच्या तोंडून उचलला,” ती म्हणाली. “त्यांना अर्धांगवायू झालाय. आता ते एवढंच बोलू शकतात. पाणी मागायचं असेल तरी हेच. त्यांच्यासारखे आणखी सहा जण एका वॉर्डात आहेत. हे मी केलं. आपण सगळ्यांनी केलं. ऐका.”

तिनं आवाज सुरू केला. प्रथम फुलवालीचा चिरका, थकलेला स्वर. मग पोस्टमास्तर. मग सगळे, एका पट्टीत, आणि त्यामागं कुणाचं तरी रडणं. सभागृह शांत झालं. केतकीला वाटलं, पोचलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडाला रुमाल लावला होता, त्यांचे डोळे भरलेले दिसत होते. आणि त्या रुमालाआड त्यांचे ओठ हलत होते.

मागून कुणीतरी गुणगुणलं. डावीकडून दुसऱ्यानं धरलं. त्यांचाही इलाज नव्हता, तो ठसा त्यांच्याही डोक्यात होता. पहिला ठोका ऐकला की उरलेले तीन आपोआप बाहेर पडत. क्षणभर ते ओशाळले, एकमेकांकडं पाहून हसले, आणि मग सहाशे माणसं वॉर्डाच्या सुरात सूर मिसळून म्हणू लागली, सुटलो बाबा, सुटलो बाबा. कुणीतरी टाळीचा ठेका धरला. ध्वनिफितीतलं ते रडणं टाळ्यांत बुडून गेलं. आवाज संपला तेव्हा लोक उठून उभे राहिले. पराग सर डोळे पुसत होते. आरोग्यवेलचा मालक मंचावर धावत आला आणि त्यानं केतकीचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याचे तळवे ओले, गरम होते.

“अशी जाहिरात मी जन्मात पाहिली नाही,” तो म्हणाला.

तिनं हात सोडवून घेतला. पितळी जीभ तिथंच टेबलावर राहिली. त्या संध्याकाळी मिरजेच्या बसमध्ये ती आपला उजवा तळहात गुडघ्यावर घासत बसली होती.

आठवड्यानं पराग भडकमकर स्वतः मिरजेला आले. तिचा राजीनामा त्यांच्या खिशात होता. आईनं त्यांना पाणी दिलं, कारण दारी आलेल्याला द्यायचं असतं. शबनमताई तेव्हा आप्पांना शिकवायला आल्या होत्या, त्याही थांबल्या.

“ठसा पुसता येत नाही,” पराग सर म्हणाले. “पण आठवण वर आलेली असते तेव्हा काही वेळ ती मऊ असते. त्या वेळात, त्याच जागी, त्याच ठेक्यात दुसरं काहीतरी ठसवता येतं. आमचा माणूस यंत्र घेऊन येईल. फक्त चार ठोके मिळतील. शब्द तुम्ही निवडा. त्या बदल्यात, सरकार आता जी चौकशी समिती नेमतंय तिच्यापुढं काही बोलायचं नाही, एवढीच विनंती.”

“हे होऊ शकतं?” केतकीनं शबनमताईंना विचारलं.

“होऊ शकतं,” त्या नाइलाजानं म्हणाल्या. “पण त्या जागी मग तेच राहणार, कायमचं. माझ्या हातानं तिथं पुन्हा काही उगवायचं नाही. आता निदान कुठंतरी फट आहे, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे, खात्री नाही.”

केतकी विचार करू लागली. ‘पाणी द्या गं.’ चार ठोके. ‘शालन, ऐक.’ आईचं नाव, बसतंय. ‘केतकी बाळ.’ तेही बसतंय, आणि चांगलं बसतंय, शेवटचा ठोका लांबवता येईल. आप्पा दिवसभर तिचं नाव घेतील. पाणी हवं असलं तरी, मीठ हवं असलं तरी, दुखलं तरी. ती बोटांवर मोजत होती. तिच्या ध्यानात आलं की तिचा अंगठा मांडीवर ठेका धरून वाजतोय, बैठकीत वाजायचा तसा. तिनं हात झटकला. आतापर्यंत कंपनीची, पराग सरांची, त्या ओल्या तळव्यांची जी किळस येत होती, ती सगळी गोळा होऊन तिच्या स्वतःच्या अंगठ्यावर येऊन बसली.

“त्यांना विचारा,” ती म्हणाली. “आप्पांना विचारा. मला नका विचारू.”

शबनमताईंनी आप्पांना सगळं समजावून सांगितलं, दोनदा, सावकाश. मग त्यांच्या मांडीवर दोन कार्डं ठेवली. एकावर ‘हो’, दुसऱ्यावर ‘नको’. आप्पांनी पराग भडकमकरांकडं पाहिलं. मग केतकीकडं, बराच वेळ. त्यांचा डावा हात खाली आला आणि ‘नको’वर पडला. नुसतं बोट ठेवून त्यांचं भागलं नाही. त्यांनी ते कार्ड उचललं आणि पराग सरांच्या हातात दिलं.

“बघा, अजून वेळ आहे,” पराग सर आईला म्हणाले.

“तुमचं पाणी पिऊन झालं का?” आईनं विचारलं.

केतकीनं चौकशी समितीपुढं तीन दिवस साक्ष दिली. ठेका, उजेड, निवडीचे निकष, सगळं. पुढचे पत्ते कुठले ठसवायचे ठरले होते, तेही. त्यात लहान मुलांसाठी काढलेल्या बिस्किटांचा एक होता. समितीनं फलक उतरवण्याचा हुकूम काढला, कंपनी कोर्टात गेली, हुकुमाला स्थगिती मिळाली. फलक जिथले तिथं राहिले. ‘सगळं विसरले, हा पत्ता नाही’ ही जाहिरातही निघाली. आप्पांच्या जागी एक देखणा, पिकल्या केसांचा नट होता.

केतकी मिरजेतच राहिली. शबनमताईंच्या वॉर्डात सकाळी जाऊ लागली. तिथं तिला कुणी ताई म्हणत नव्हतं, कुणी म्हणणारही नव्हतं. ती पेशंटांचे ओठ ओले करायची, त्यांच्या श्वासाशी श्वास जुळवून नुसता ‘म’ धरायला शिकवायची. कधी फुलवालीचा ‘म’ अर्ध्या सेकंदापर्यंत टिकायचा आणि मग घसरून पत्ता व्हायचा. आप्पांनी वेगळंच धरलं होतं. घरी आल्यापासून तिसऱ्या महिन्यात त्यांनी बोलायचा प्रयत्नच सोडला. दात घट्ट मिटून बसायचे. जेवणापुरतं तोंड उघडायचे. शबनमताई म्हणायच्या, “रुसलेत. असू दे. रुसणंसुद्धा त्यांचं स्वतःचं आहे.”

आठव्या महिन्यात एका सकाळी केतकी आणि आप्पा रिक्षानं दवाखान्यात निघाले होते. केतकी नेहमी लांबचा रस्ता घ्यायला लावायची, कारण उड्डाणपुलाखाली तो फलक होता. त्या दिवशी लांबचा रस्ता पाइपलाइनसाठी खणून ठेवला होता. रिक्षा पुलाखाली आली आणि लाल सिग्नलला थांबली. समोर दोन मजले उंच, तो गुबगुबीत इसम, आणि त्याच्या पोटावर उजळत जाणारी अक्षरं. चाल सुरू झाली. बाजूच्या मोटारसायकलवरचा माणूस नकळत गुणगुणू लागला.

केतकीनं आप्पांच्या डोळ्यांवर हात ठेवला. त्यांनी तो डाव्या हातानं बाजूला केला. ते फलकाकडं टक लावून बघत होते. गळ्याची शीर फुगली, ओठ सुटले, पहिला ‘सु’ दाताशी आला. त्यांनी तो दातांतच आवळला. चेहरा तांबडालाल झाला, मान थरथरली, नाकपुड्या फुलल्या. जीभ दातांमागं धडपडत होती, काहीतरी दुसरं शोधत होती. आणि मग,

“थू!”

थुंकी त्यांच्याच हनुवटीवर आली. रिक्षावाला गर्रकन वळला. “काय झालं? मला म्हणाले व्हय?”

“नाही,” केतकी म्हणाली. ती आप्पांच्या तोंडाकडं बघत होती. तो चार ठोक्यांतला नव्हता. त्याला चाल नव्हती. त्यामागं ‘डॉट’ आलं नाही. “आप्पा, परत म्हणा.”

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. फलकाकडं बघत होते त्याच नजरेनं, आणि तिनं मान खाली घातली नाही.

“थू,” ते म्हणाले.

तिनं ओढणीच्या टोकानं त्यांची हनुवटी पुसली. सिग्नल हिरवा झाला होता, मागं भोंगे वाजत होते, पण रिक्षावाला अर्धा वळून तसाच थांबला होता.

“आणखी एकदा, आप्पा,” केतकी म्हणाली. “मोठ्यानं.”